नेनेकाकांनी जपानहून आणलेला प्रसाद

देऊळ दिसलं की नेनेकाका आधी जोडे काढत आणि मग ते कुठल्या देवाचं आहे ते विचारत. दोह्याच्या वेस्ट बेमधल्या आमच्या ऑफिसात ते सर्वांत जुने इंजिनीअर, मी दोन वर्षांच्या करारावर आलेला. अल मन्सूरात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, त्यामुळे काकूंच्या आमटीवर माझा हक्क होता.

पंपांच्या तपासणीसाठी आम्हा दोघांना जपानला पाठवलं, तेव्हा काकूंच्या गाठीचा तुकडा नुकताच तपासायला गेला होता. काका निघायला तयार नव्हते; काकूंनीच त्यांची बॅग भरली. काम आटोपल्यावर तिथला इंजिनीअर साकाई आम्हाला एका शेकडो वर्षं जुन्या शिंतो देवळात घेऊन गेला. सगळे बूट घालून हिंडत होते आणि काका खडीवरून मोज्यांनी. मी खुणावलं, तर म्हणाले, "यल्ला, चल. त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला."

तिथे लाकडी डबा हलवून काडी काढायची आणि तिच्यावरच्या आकड्याची भविष्याची चिठ्ठी घ्यायची. काकांनी घेतली, कपाळाला लावली. "प्रसाद. तुझ्या काकूला." ती त्यांनी पाकिटात ठेवण्याआधी मी फोटो काढला होता. हॉटेलवर मोबाइलने भाषांतर केलं: महाअशुभ, दुखणं लांबेल. अशी चिठ्ठी देवळातच बांधून यायची असते, म्हणजे अशुभ तिथेच राहतं, हेही तेव्हा कळलं. काकांना सांगायचा धीर झाला नाही.

दोह्यात चिठ्ठी देव्हाऱ्यात गणपतीपाशी गेली. काकू तिला रोज हळदकुंकू वाहायच्या. ते बघून मला घास उतरेना. स्वतःचा फार राग यायचा.

सातव्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. गाठ साधी होती. काकू ओट्याला टेकून रडल्या, आणि मी सुटलो एकदाचा म्हणून दारातच बसकण मारली. मग काकांना बाल्कनीत नेऊन सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," काका म्हणाले. "बांधून जा, असं साकाई म्हणाला होता."

"मग आणलीत कशाला?"

"अरे, त्या देवाची माझी पहिलीच भेट. त्याच्या दारात आपलं दुखणं टाकून यायचं? आणि हट्ट धरायला ओळख लागते. घरच्या गणपतीशी सहा दिवस भांडलो. काकूला मात्र प्रसाद म्हणूनच राहू दे."

 त्या सहाही दिवसांत माझा पडलेला चेहरा बघून, "जेव रे, सगळं नीट होणार आहे," असं मलाच समजावत होते ते.