तीन एमएमची फट

भंडाऱ्यातल्या टाइल्सच्या एका दुकानात मी काऊंटर सांभाळते. कारध्याहून पूल ओलांडून रोज ऑटोने येते. गिऱ्हाइकाने टाइल पसंत केली की पुढचं मी बघते. कुठल्या खोलीला किती फट सोडायची, स्पेसर दोनचा की तीनचा, फटीत भरायचं ग्राउट कोणतं. लोक ऐकतात. मिस्त्रीसुद्धा फोन करून विचारतात. घरी मात्र बाबांना माझं म्हणणं कधी पटलं नाही, आणि एकदा तरी पटावं एवढीच माझी इच्छा होती.

नवं घर बांधलं तेव्हा पुढच्या मोठ्या खोलीची फरशी आमच्याच दुकानातून आली. दोन बाय दोनची, चकचकीत. तीन एमएमच्या स्पेसरची पुडी मी स्वतः घरी नेली. अधिकच्या चिन्हासारखा तो प्लास्टिकचा तुकडा बाबांनी चिमटीत धरून पाहिला.

"हे कायले?"

"दोन टाइलीत फट राहाले. उन्हाळ्यात फरशी फुगते बाबा, तिले जागा लागते. भिंतीजवळबी थोडी सोडा लागते."

"त्या खोलीत धान ठेवतो आपन. दाना फसन, मुंग्या होतीन. सारवल्या भुईले भेग ठेवते का कोनी?"

जन्मभर सारवलेल्या जमिनीवर धान पसरलेला माणूस. भेग दिसली की शेणमातीने बुजवायची, हेच त्यांना ठाऊक. फट उघडी राहत नाही, ग्राउट भरलं की दाणा शिरायला जागाच उरत नाही, हे मी परोपरीने सांगितलं.

"दुकानात बसतेस म्हनून मिस्त्री झाली का?" एवढं बोलून त्यांनी टाइलला टाइल भिडवून घेतली. मिस्त्रीने मान डोलावली, त्याचं काय जात होतं? गावातले चार लोक बघून गेले, अखंड दगड टाकल्यासारखं दिसतं म्हणाले. बाबा आठवडाभर फुशारकी मारत होते.

मे महिन्यात एका दुपारी आम्ही जेवत असताना त्या खोलीत सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. जाऊन बघतो तर मधल्या दोन ओळी एकमेकींना रेटून छपरासारख्या उभ्या. बाबांनी फुटका तुकडा उचलला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मालच खराब देल्ला तुमच्या दुकानानं." खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. आता तरी विचारतील, असं वाटलं होतं.

विचारायला ते दुकानात आले. मी काऊंटरवर उभी होते. माझ्यासमोरून सरळ आत मालकाकडे गेले, सगळं सांगितलं. मालकांनी नेहमीसारखी तिथूनच मला हाक मारली, "ताई, यायले स्पेसर कितीचा द्यायचा?"

"तीनचा. आन भिंतीच्या कडेनं बोटभर जागा मोकळी ठेवा लागन. स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकून जाते."

मालकांनी बाबांकडे वळून तेच शब्दाला शब्द सांगितलं. बाबांनी त्यांना हात जोडले.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ते आईला कौतुकाने सांगत होते, मालक किती जाणकार, किती नीट समजावून सांगतो. मी चपला काढत होते. मला बघून थांबले, आणि अगदी मायेने म्हणाले, "इतके वर्स झाले तुले त्या दुकानात. त्यायच्यापासून कायी शिकून घेत जाय न, बेटा."