पायावरची माती

तात्या गेल्याचा फोन आला आणि रडू फुटायच्या आधी मी विचारलं, “श्रीपतीआबा कुठं हायेत?” आज दीड महिन्यानंतरही त्या प्रश्नाची लाज वाटते... पण तेव्हा कोऱ्हाळ्यात सगळ्या भावकीच्या मनात तेच होतं. आबा म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. दोघांचं बांधावरून वाकडं, आणि जत्रेचं मटण आबांनीच शिजवलेलं.

तात्या माझे चुलते. वडील लवकर गेल्यावर त्यांनी आणि काकूंनीच मला वाढवलं, लग्न करून डाळजला दिलं. जीव लावणारा माणूस, पण महासंशयी. पंगतीत शेजारचा दोन घास खाईपर्यंत यांचा हात ताटाला लागत नसे. आम्ही हसायचो. “हसा,” म्हणायचे, “इश्वास ठिवायचा तर आपल्या रानावर न् आपल्या पोरीवर.” पोरगी म्हणजे मी. त्यांचा हा स्वभाव माझ्यातही पुरेपूर उतरलाय.

मटण आदल्या संध्याकाळी शिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलं होतं, जत्रेच्या दुपारी तेच वाढलं. मी जेवून डाळजला परतले. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाला पोटात कळा आणि जुलाब. एका दिवसात सगळे सावरले, तात्यांना मात्र ताप चढला. बारामतीला हलवलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. सगळे एकाच पातेल्यातलं जेवले, मग गेले ते तात्याच कसे? ताटात वेगळं काही पडलं असणार! आबांना स्वयंपाकाला बोलवणं बंद झालं. तेराव्याला ते दारात हात जोडून उभे होते, मी तोंड फिरवून आत गेले.

पुढे कागदपत्रं आणायला दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. “पोटाचं दुखणं वेगळं, ते दिवसात जातं. यांना गॅस गँगरीन झालं. तो जंतू मातीत, शेणात असतो. जखमेला हवा मिळाली नाही की वाढतो आणि विष सोडतो. पायाला माती कुणी बांधली होती?”

मी बांधली होती. जत्रेच्या सकाळी तोडलेल्या उसाचं टोकदार बुडखं तात्यांच्या तळव्यात खोल घुसलं. मी मलम आणते म्हटलं, तर तात्या म्हणाले, “दुकानातल्या मलमाचा काय भरवसा? आपल्या रानातली माती दाब, रगत थांबतंय.” आमच्याकडे सगळे तेच करतात. मी मूठभर ओली माती दाबली आणि वरून फडकं करकचून आवळलं.

दवाखान्यातून मी तडक आबांकडे गेले, सगळं सांगितलं. आबा म्हणाले, “माती म्याबी दाबली असती, पोरी. पर तू त्वांड फिरवून गेलीस, त्ये काय मातीनं केलं न्हाय.”

गावाला सांगून झालंय. काकूंना सांगायचं राहिलंय. त्या अजून तात्यांच्या बाजेवर कुणाला बसू देत नाहीत. परवा मात्र मला तिथं बसवलं, माझे दोन्ही हात हातात घेतले. “शेवटची सेवा ह्याच हातांनी झाली गं त्यांची.” त्यांना कळलंय की काय, या संशयानं मी त्यांच्याकडे बघितलंच नाही...

काकूंना वाचता येत नाही. हे छापून आलं, की त्याच बाजेवर बसून मीच त्यांना वाचून दाखवणार आहे.