भोक आधी, रेघ नंतर

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जुन्या कागदांवरचे डाग काढणाऱ्या माणसाला सगळे टिपकागद म्हणत. चौतीस वर्षं त्याने सगळ्यांची बोलणी मुकाट टिपून घेतली होती. निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना मात्र त्याच्या टेबलावर त्याचा स्वतःचा मामा येऊन पडला.

म्हणजे मामाचं चित्र. पिसाच्या लेखणीने काढलेला, हनुवटी मुठीवर टेकून बसलेला म्हातारा. ते संग्रहालयाला भेट म्हणून देणाऱ्याने सोबत लिहिलं होतं, ‘चारशे वर्षांपूर्वीच्या थोर चित्रकाराचं मूळ रेखाटन’. टिपकागदाने भिंग लावलं आणि मग कपाळाला हात लावला. तेच टक्कल, मिशीखाली दाबलेला तोच वैताग! बाविसाव्या वर्षी त्यानेच मामाला तीन दुपारी खिडकीत बसवून हे काढलं होतं.

तेव्हा तो एका उस्तादांकडे जुन्या रेखाटनांची हातोटी शिकत होता. मायफळ आणि हिराकस भिजवून शाई करायची, जुन्या ग्रंथांची शेवटची कोरी पानं सोडवून त्यांवर काढायचं, सावली बोटाने चोळायची नाही, बारीक रेघांच्या जाळीने भरायची. मामाचं पान मात्र ‘चहा सांडला, फेकून दिलं’ असं उस्तादांनी सांगितलं होतं. आता भिंगातून दिसत होतं, चहा सांडला होता खरा, पण या कडेपासून त्या कडेपर्यंत, अगदी सारखा. उस्तादांनी त्या चहात कागद आणखी म्हातारा करून, चित्र जुनं म्हणून विकलं होतं.

चित्र दालनात लागण्याआधी तपासणीच्या कागदावर टिपकागदाची सही लागे. त्या सहीवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ही एक सही केली की चौतीस वर्षांच्या सह्या खोट्या होणार होत्या.

तो संचालकांकडे गेला. “साहेब, हे चित्र मी काढलंय.”

“निवृत्ती जवळ आली की होतं असं,” संचालक हसले. “मागचा पहारेकरी शेवटच्या आठवड्यात म्हणायचा, पुतळे डोळा मारतात.”

“साहेब, हा माझा सख्खा मामा आहे!”

“सगळ्यांचेच मामा असे दिसतात हो.”

मग त्याने संग्रहालयाच्या जुन्या चित्रांच्या तज्ज्ञ बाईंना गाठलं, त्यांच्या हातात भिंग दिलं. “ही कसरीची भोकं बघा बाई. कसरीने नंतर खाल्लं असतं तर रेघ शाईसकट कापली गेली असती. इथे रेघ भोकाच्या अलीकडे केसभर थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. टोक अडकून कागद फाटेल म्हणून मी लेखणी उचलायचो. त्यावरून उस्तादांचा ओरडाही खायचो. भोक आधी, रेघ नंतर!”

बाईंनी बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले. “केवढा थोर माणूस! किड्याने खाल्लेल्या कागदाचीही कदर केली त्याने. हे माहितीपत्रकात घालायलाच हवं.”

टिपकागदाने कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याने तिथल्या तिथे लेखणी उचलली आणि न बघता मामा काढून दाखवला. तोच वैताग, तीच जाळी.

“किती हुबेहूब नक्कल करता हो तुम्ही!” बाई म्हणाल्या.

“अहो, माझीच नक्कल मी कशी करणार?”

घरी बायकोने निराळाच सूर लावला. “आयुष्यभर म्हणत आलात, माझं एक चित्र भिंतीवर लागलं असतं तर. आता लागतंय तर तुमचीच आडकाठी! आणि मामांना तरी जिवंतपणी एवढा मान कोणी दिला होता?”

यावर तो आणखीच चिडला.

शेवटच्या दिवशी त्याने तपासणीचा कागद पुढे ओढला. शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, ‘कागद जुना. भोकं आधीची, रेघा नंतरच्या. हात माझा, मामाही माझाच.’ खाली सही केली. संचालकांनी सही तेवढी पाहिली आणि शिक्का मारला. चौतीस वर्षांत त्याचा शेरा कोणी वाचला नव्हता, हे त्याला त्या दिवशी कळलं.

महिन्याभराने बायको हट्टाने त्याला दालनात घेऊन गेली. चित्रासमोर ती बराच वेळ मान तिरकी करून उभी राहिली.

“मामांची डावी मिशी जरा जास्तच वर गेलीय हो तुमच्याकडून.”

“तशीच होती ती!” टिपकागद एवढ्या मोठ्याने ओरडला की दालनातली माणसं वळून बघायला लागली.

नवा पहारेकरी धावत आला. “आजोबा, हळू! थोर माणसाचं चित्र आहे.”