पूजेनंतरचा झेंडा

त्रिनिदादमधल्या हिंदूंचा धर्म आणि तिथलं राजकारण हा माझा अभ्यासाचा विषय. तो मी करते दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटमध्ये, कपडे वाळत घातलेल्या स्टँडशेजारी बसून. नातेवाइकांना यातलं काहीच पटत नाही. पीएचडीच्या वेळी मी त्या बेटावर राहिले होते. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि परत जाणं झालंच नाही. माझं गाव नसूनही तिथली फार आठवण येते.

त्यामुळे खालच्या मजल्यावर तिथलीच एक नर्स राहायला आली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. लगेच सत्यनारायणाला बोलावलं, आणि उन्हाळ्यात अभ्यासासाठी तिकडे जाणार असल्याचंही सांगून टाकलं. तिच्याकडेही ही पूजा होते, म्हणून ती हौसेने आली. आरती झाली, शिरा वाटला, मंडळी पार्किंगच्या रडगाण्यावर आली. ही मात्र चपला घालून दाराशी उभी. नवऱ्याला वाटलं, निघाली. तो जेवायचा आग्रह करू लागला.

मला मात्र कळलं. तिची पूजा अजून संपलीच नव्हती. तिकडे कथेनंतर सगळे अंगणात जातात आणि बांबूला रंगीत झेंडा बांधून तो जमिनीत रोवतात. ते झेंडे बघून घर कुणाचं आणि मत कुणाला, हे परकाही ओळखतो, असं मी प्रबंधात मोठ्या ऐटीत लिहिलंय. इथे अंगण कुठलं? बाल्कनीत टॉवेल दिसला तरी बिल्डिंगवाल्यांचा मेसेज येतो.

तसं सांगितल्यावर ती ओशाळली. मग हळूहळू बोलू लागली. आई गेल्यापासून तिकडचं घर बंद होतं. झेंड्यांचं कापड विरून नुसते बांबू उरले होते. तिला रजा मिळत नव्हती.

"तू या उन्हाळ्यात जाणार आहेस ना?" तिने इंग्रजीत विचारलं. "आमच्या अंगणात एक लावशील?"

"लावेल की, इन्शाल्ला," इथली सवय लागलेला नवराच मध्ये म्हणाला.

त्या प्रवासासाठी मागितलेली माझी ग्रँट नामंजूर झाल्याची मेल त्याच आठवड्यात आली होती. मी ती कुणालाच दाखवली नव्हती.

"मी जात नाहीये," मी म्हणाले. "पैसे मिळाले नाहीत."

तिने झेंड्यासाठी आणलेलं, घडी घातलेलं लाल कापड पर्समधून काढून माझ्या हातात ठेवलं.

"तरी तुझ्याकडेच असू दे," ती म्हणाली. "हा कुठे लावायचा, हे इथे फक्त तुलाच माहीत आहे."