डावा पाय

टाकीतलं तेल संपायची भीती मला आधी कधी नव्हती. तीस वर्षं मी केज ते अंबाजोगाई काळी-पिवळी जीप चालवली. आम्हा जीपवाल्यांची एक रीत होती, टाकी कधी भरायची नाही. एका खेपेपुरतं डिझेल टाकायचं, माणसं उतरली की पुढच्या खेपेपुरतं. काटा कायम तळाला. धंदा सुटला, जीप दारात उभी राहिली, तरी रीत सुटली नाही.

त्याच रितीनं मागल्या वर्षी माझी बायको गेली. लोक म्हणतात तिची वेळ आलती. जीप मी चालवत होतो, मला माहीत आहे काय झालतं. भर दुपारी छातीत दुखतंय म्हणाली. अंबाजोगाईला निघालो आणि निम्म्या वाटेत जीप गचके खाऊन बंद पडली. डिझेल संपलं की लाईनीत हवा धरते, नुसतं तेल ओतून गाडी चालू होत नाही, आधी हवा काढावी लागते. एका दुचाकीवाल्यानं बाटलीतून डिझेल आणून दिलं. मी बॉनेटखाली वाकलेलो, ती बाभळीखाली बसलेली. "सावकाश करा," म्हणाली, "हात भाजून घ्याल." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. तेवढंच म्हणाले. पुरं झालं.

जीप मी भंगारात घातली. मग पुण्यातल्या पोरानं नवी छोटी गाडी आणून दारात लावली. "दादा, तुमचा गुडघा गेलाय. हिला क्लच न्हाई, गिअर न्हाई. नुसतं बसायचं अन् जायचं. लिटरला वीस देती." मला गाडी नको होती. पण पोरीचे दिवस भरत आले होते, आणि पहिलं बाळंतपण आपल्यात माहेरी करतात. गावातल्या बाया तिला म्हणाल्या, आई नाही, बापाच्या घरी कशाला येती, सासरीच रहा. पोरगी म्हणाली, "आई न्हाई म्हणून माहेर न्हाई का?" आणि पिशवी घेऊन आली.

आता दिवाळीनंतर आमचं गाव रिकामं होतं. निम्मी गल्ली ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारी माणसं आणि कुत्री. बाई नाही, गडी नाही. दवाखान्याची गाडी फोन लावला की येते, पण माझा भरवसा बसेना. ठरवलं, हिला मीच नेणार आणि या वेळेला टाकी गळ्यापर्यंत भरलेली असणार.

पण टाकी टिकेना. गाडीत काटा नाही, बारकी घरं असतात, तेल संपेल तसं एकेक घर विझतं. तपासणीला अंबाजोगाईला जाऊन आलो की घरं अशी विझलेली, जसं कोणी पाईप लावून ओढलंय. वीस कसले, दहासुद्धा मिळेनात. मी खाली आडवा होऊन गळतंय का बघितलं. दिवसातून चार-पाच वेळा नुसती चावी फिरवून घरं बघायचो. शेवटी पेट्रोलचा कॅन भरून डिकीत ठेवला, तर त्याच्या वासानं पोरीला उलट्या सुरू झाल्या.

"दादा, काढा ते. तुमी मला दवाखान्यात नेणार हाव का पेटवून देणार हाव?"

पोराला फोन केला. म्हणाला, एसी लावत असाल. मी म्हणालो, एसीचं बटण कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई.

मग केजला मिस्त्रीकडं गेलो. हा माझ्या जीपचा जुना मिस्त्री, माझ्याच वयाचा. दुकान आता त्याची पोरं बघतात, तो बाहेर खुर्ची टाकून बसतो.

"काय बे, गाडी पितीय का तूच पितो?"

"थट्टा करू नको. पोरीचा नववा सरत आलाय."

तो खुर्चीवरून उठला. गाडीभोवती फिरला, बॉनेट काही उघडलं नाही. "तू पुढं हो," म्हणाला. "अंबाजोगाईच्या रस्त्यानं चल. मी मागून मोटरसायकलवर येतो."

तीन-चार मैल गेलो असेन. तो हॉर्न वाजवत पुढं आला, आडवा लागला.

"कोणाला थांबवायलास बे तू?"

"कोणाला म्हंजे?"

"मागचे लाल दिवे इझेनात तुझे. केजपासून ब्रेक धरून आलास."

"मी न्हाई धरला."

"उतर. चाकाजवळ हात ने. लावू नको, नुसता ने."

हात नेला आणि मागं घेतला. तव्यासारखी धग. त्यानं दार उघडून मला परत बसवलं आणि माझ्या डाव्या पायाकडं बोट केलं. तीस वर्षं तो पाय क्लचवर टेकून बसलेला. जीपवाला पाय कधी खाली ठेवत नाही. या गाडीत क्लच नाही, पण ब्रेकची पट्टी चांगली रुंद, आणि पायानं आपली जागा तिथं धरलेली. उजवा पाय म्हणायचा चल, डावा म्हणायचा थांब, आणि पेट्रोल दोघांत जळायचं. मला पत्ताही नव्हता.

मी हसलो. तो हसला नाही.

"पेट्रोल जाऊ दे चुलीत. असंच तापत राहिलं अन् एक दिस उतारावर ब्रेक लागलाच न्हाई, तर काय करशील?"

तपासणीला मी पोरीला चार वेळा नेलं होतं. दोनदा पुलाच्या उतारावर पट्टी मऊ लागली होती. मी समजलो, नव्या गाड्या अशाच असतील. एकीला तेलावाचून मारलं, आणि दुसरीला घेऊन मी जळत्या चाकांवर फिरत होतो, घरं मोजत.

मिस्त्रीनं ब्रेक उघडून घासलेलं सगळं बदललं. मग बाजाराच्या मोकळ्या मैदानात मला शिकवलं. डावी चप्पल काढायची, पाय मांडीखाली दुमडायचा. पाय ऐकेना. एक शेळी आडवी आली आणि मांडीखालचा पाय आपोआप सुटून असा दाबला की माझी छाती स्टेअरिंगवर आपटली. आठ दिवस रोज गेलो. ज्या पायावर जन्म काढला, त्याचं मला भ्या वाटायला लागलं.

नवव्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता पोरगी ओट्याला धरून उभी राहिली.

"दादा, निघावं लागंल."

तिला शेजारी बसवलं, पट्टा लावला, पाय दुमडला. ती बघत होती.

"जेवायला बसलाव का गाडी चालवायला?"

"गप बस माय. बोलू नको माझ्याशी."

रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकेकामागं दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस. प्रत्येक ट्रॉलीला माझा पाय मांडीखाली तडफडायचा, आणि मी वरून सगळा भार देऊन त्याला दाबून धरायचो. ती बाभूळ आली. मी तिकडं बघितलं नाही. पोरीनं बघितलं असावं, कारण तिनं माझी बाही धरली. कळ आली की मुठीत आवळायची, गेली की सोडायची. "दादा, घाम पुसा, डोळ्यात जायलाय," एवढंच म्हणाली.

दवाखान्याच्या दारात गाडी लावली, खाली उतरलो आणि सरळ पडलो. पाय मुंग्या येऊन बधिर झालेला. दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन धावत आली आणि मलाच उचलायला लागली.

"मी न्हाई बे, ती. ती पोटुशी हाय."

पोरीला कळा चालू असताना हसू आलं. तिला आत नेलं.

नर्सबाई बाहेर आल्या. "सोबत बाईमाणूस कोण हाय?"

"कोणी न्हाई. मीच हाय."

"हिची आई?"

"वारली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, एका पायात चप्पल, आणि म्हणाल्या, "बसा तिथं. हलू नका." मी दुपारपर्यंत हललो नाही. आतून आवाज यायचा तेव्हा वाईट वाटायचं, आवाज बंद झाला की त्याहून वाईट. मुलगी झाली. दोघी ठीक.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. जावई आला होता. मी गाडीची चावी त्याच्या हातात दिली.

पोरगी म्हणाली, "कावून? येताना तुमीच आणलं की."

"येताना तू एकटी व्हतीस. आता दोघी हाव. तेवढी छाती माझी न्हाई."

तिनं लई आग्रह केला, मागं तरी बसा म्हणाली. मी ऐकलं नाही, मागं बसूनही माझा पाय ब्रेक शोधत राहिला असता. गाडी दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली, मागचे दिवे विझलेले होते, ते वळणापर्यंत बघितले आणि केजची एसटी धरली.