मी युक्रेन होतो तो दिवस

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि लिहायचं म्हटलं की मला अजून परीक्षेतल्या पुरवण्या आठवतात. तेव्हा लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. युद्धाबद्दल लिहायचा तर मला काहीच हक्क नाही. मी युद्ध पाहिलेलं नाही. घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर दिवाळीत फटाके फुटतात, तेवढाच आवाज मला माहीत.

पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, बाबांना नाही. जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच – आणि ती आमच्या शेजारच्याच खोलीत राहते. मधे एक भिंत. तिचा मोबाइल वाजला तरी मला ऐकू येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं वाटतंय का? बहुतेक तेच असेल.

ती म्हणजे सायलीताई. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली होती. शहराचं नाव लिहीत नाही, रशियाच्या सीमेपासून लांब नाही एवढंच सांगतो. तिथे ती आणि आणखी पाच मुली नीना नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्याने राहायच्या. तिसरा मजला. सायलीताई त्यांना नीनाआजी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. ताईने गावची आमसुलं नेली होती. आजींनी ती बिटाच्या सारात टाकली आणि मग दर वर्षी मागवायला लागल्या. रशियाचं सैन्य आत घुसलं तेव्हा आजींनी सहाही मुलींना तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी, नऊ दिवस सांभाळलं. मग एका सकाळी त्यांना चालत स्टेशनवर नेऊन गाडीत चढवलं. स्वतः मागे फिरल्या.

हे सगळं ताई घरी आल्यावर जिन्यात बसून सांगायची. मी ऐकायचो. मला वाटायचं, मी चांगला ऐकणारा आहे.

तेव्हा मी एफवायला होतो, मुलुंडच्या कॉलेजात, राज्यशास्त्राला. आमच्याकडे दर वर्षी जगाच्या सभेची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची, नक्कल होते. प्रत्येकाला एक देश मिळतो. समोर देशाच्या नावाची पाटी. ठराव मांडायचा, बोलायचं, मग मत द्यायचं – बाजूने, विरोधात किंवा तटस्थ. नियम एकच, आपल्या देशाची खरी भूमिका सोडायची नाही. सगळं इंग्रजीत. मी नाव दिलं ते भीतभीतच. चिठ्ठ्या काढल्या. माझी उघडली तर आत युक्रेन.

मी टेकडी धावत चढलो. सायलीताई नळावर होती. तिने हंडा तसाच ठेवला.

"निल्या, खरंच? मग तू तिथे आजीचं पत्र वाचणार."

हा प्रश्न नव्हता. त्या रविवारी आम्ही नीनाआजींना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी केस विंचरले होते, चष्मा लावला होता – जणू फोटो काढायचाय. त्या बोलत गेल्या, ताई मराठीत सांगत गेली, मी लिहीत गेलो. मग मी दोन दिवस बसून त्याचं इंग्रजी केलं. एका पानाचं पत्र. सगळं आठवत नाही. हे आठवतं –

"आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. सहाव्या मजल्यावर वाल्या राहते, तिला चालता येत नाही. सायरन वाजला की आम्ही चौघी तिला खुर्चीत बसवून खाली आणतो. चौघींत सर्वांत लहान मी, एकाहत्तर वर्षांची. तुमच्यातले पुष्कळ देश म्हणतात, आम्ही कुणाचीच बाजू घेत नाही. एकदा येऊन ही खुर्ची उचला. मग सांगा, कुठली बाजू तुम्हाला कळत नाही."

हे मला वाचायचं होतं. फक्त एवढंच. दोन मिनिटं लागली असती.

सभेच्या दिवशी मामेभावाचा कोट घालून निघालो. बाबा पवईच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत, ड्युटीवरून नुकतेच आले होते. "काय रे, आज खंयच्या देशाक चललंस?" मी म्हटलं, युक्रेन. "मगे सरळ उभो रव. पोक काढू नको." आई हसली. सायलीताईला कागदपत्रांसाठी एका ऑफिसात जायचं होतं, नाहीतर ती आलीच असती. ती आली असती तर? – पण नको. हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता तो मला पळवाट वाटतो.

सकाळचं सत्र बरं गेलं. माझ्या ठरावाच्या मसुद्यात पहिल्याच ओळीत 'आक्रमण' हा शब्द होता. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनबाहेर अनिकेत माझ्याकडे आला. तो टीवायचा, एका मोठ्या देशाचा प्रतिनिधी. मागच्या वर्षी बक्षीस त्यालाच मिळालं होतं. तोवर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने खांद्यावर हात टाकला आणि अर्धं सँडविच पुढे केलं.

"ब्रो, मस्त बोलतोस. पण असा पडशील. 'आक्रमण' काढ, 'परिस्थिती' टाक. अकरा मतं माझ्याकडे आहेत, सगळी तुझी. ठराव पास, बक्षीस तुला."

मी म्हटलं, माझ्याकडे एक पत्र आहे.

"कसलं पत्र? आजीबिजीचं? यार, रडारड इथे नाही चालत. लोक अनकम्फर्टेबल होतात."

एवढंच. त्याने धमकी दिली नाही, कुणी दिली नाही. मला आज तुम्हाला सांगता आलं असतं की माझं इंग्रजी कच्चं होतं, मी बिचकलो. खरं तसं नव्हतं. मला बरं वाटत होतं. ती चार-पाच मुलं, जी एकमेकांशी इंग्रजीत विनोद करायची, ती माझ्याभोवती उभी होती आणि मला आपल्यात धरत होती. मी मसुदा भिंतीला टेकवला आणि तो शब्द खोडला. पेन माझंच होतं. वर लिहिलं – परिस्थिती. अनिकेत म्हणाला, झकास.

नंतर सभेत अध्यक्ष होते त्या सरांनी मसुदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "युक्रेनला हे मान्य आहे?"

"मान्य आहे, सर."

मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, ज्याच्या घरात घुसले त्यालाच काही प्रॉब्लेम नाही!" सगळा हॉल हसला.

मीही हसलो. हे मला सर्वांत जास्त आठवतं. शब्द खोडला ते नंतर आठवतं, आधी हे – की मी हसलो.

ठराव मोठ्या बहुमताने पास झाला. त्यात कुणीही काहीही केलं असं म्हटलेलं नव्हतं. परिस्थितीबद्दल तीव्र चिंता मात्र सर्वांनाच होती. पत्र कोटाच्या आतल्या खिशात तसंच राहिलं. मला बक्षीस मिळालं.

इथवरचं बहुतेक कुणीतरी माफ करेल. कॉलेजातला खेळ होता, खरं युद्ध त्याने थांबणार नव्हतं. पण मी इथे थांबलो नाही ना.

संध्याकाळी सायलीताई जिन्यात वाट बघत होती. "वाचलंस?"

मी हो म्हणालो.

"मग? काय झालं?"

आता तुम्हीच सांगा, 'हो' नंतर 'काही नाही' म्हणून गप्प बसता आलं नसतं का? पण तिचा चेहरा – परत आल्यापासून मी तो इतका खुललेला बघितलाच नव्हता. मी म्हणालो, सगळे उभे राहिले. आधी एक मुलगी उठली, मग सगळे. आणि एकदा सुरू केल्यावर मला ते दिसायलाच लागलं. सरसुद्धा उठले, मी सांगितलं. ताई रडली. तिथेच, जिन्यात, तिने आजींना कॉल लावला.

दोन दिवसांनी आजींनी विचारलं, कुठले कुठले देश उभे राहिले? त्यांना नीट ठाऊक होतं की ही विद्यार्थ्यांची सभा आहे. त्या म्हणाल्या होत्या, मंत्री म्हातारे झालेत, मुलं उभी राहिली हेच बरं झालं. फक्त नावं हवी होती. मी वहीच्या पानावर नावं लिहून दिली. केनिया, ब्राझील, व्हिएतनाम... तेरा देश. अगदी विचार करून लिहिले, खोटं वाटू नये म्हणून काही वगळले. भारत लिहू की नको यावर अडलो. आमच्या सभेत भारताची पाटी असलेली मुलगी तटस्थ राहिली होती. नियमाप्रमाणे तिने तेच करायला हवं होतं. तरी मी भारत लिहिला. पहिला लिहिला.

मग वर्षं गेली. सायलीताईने दुसऱ्या देशात जाऊन शिक्षण पुरं केलं, परत आली, आता इथल्या परीक्षेची तयारी करते. मी बीए झालो, एमए करतोय. कोण काय म्हणालं, कुणी मदत पाठवली, कुणी किती दिवसांनी हात आखडता घेतला, हे आता माझ्या अभ्यासक्रमातच आहे. त्यावर मी चांगली उत्तरं लिहितो. गुणही चांगले पडतात.

आणि दर रविवारी भिंतीपलीकडून ताईचा आवाज यायचा, आजींशी बोलताना. आजींच्या शहरात काही कार्यकर्ते बस घेऊन येतात, म्हाताऱ्या माणसांना पश्चिमेकडच्या सुरक्षित गावांत नेतात. आजींना त्यांनी कितीदा विचारलं. वाल्यासुद्धा पहिल्याच वर्षी गेली. ताई विनवायची, रागवायची, एकदा फोन आपटून ठेवला. आजी नाहीच म्हणायच्या.

मागच्या थंडीत ताई आमच्या दारात आली. "निल्या, तू सांग ना तिला. तुझं ऐकेल ती."

मी तिच्या शेजारी बसलो. पडद्यावर आजी, घरातच ओव्हरकोट घातलेला, डोक्याला रुमाल. मला बघून त्यांनी छातीवर हात ठेवला. काहीतरी म्हणाल्या. ताईने मराठीत सांगितलं – "आजी म्हणते, ज्यांच्यासाठी अनोळखी मुलं उठून उभी राहतात, त्यांनी घर सोडून पळायचं नसतं."

बोलायला एवढी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार होती? एक वाक्य. आजी, कुणी उभं राहिलं नव्हतं. मराठीत म्हणालो असतो तरी चाललं असतं, ताईने पुढे सांगितलं असतं – की नसतं सांगितलं? मी तोंड उघडलं. म्हणालो, "आजी, तब्येतीला जपा." ताईने ते सांगितलं. आजी हसल्या, मान हलवली.

ताईला वाटलं, मी गहिवरलो. तिने माझ्या पाठीवर थोपटलं.

त्यानंतर मी रविवारी घरी थांबायचं टाळायला लागलो. सकाळीच वर्सोव्याला जायचो, होड्या येतात तिथे उगाच उभा राहायचो, जेट्टीवर बसायचो, उठायचो, पुन्हा बसायचो. एक कोळीण म्हणाली, मासली घ्यायची नाय तर वाटेतून तरी बाजूला हो. तिथेही माझ्या मनात वाक्य तयार असायचं. घरी पोचेपर्यंत ते मोडायचं. मला वाटायचं, सांगितलं आणि आजींचा आधार गेला तर? हे मी दयाळूपणा म्हणून स्वतःला ऐकवत होतो. तो दयाळूपणा नव्हता. मला ताईच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, बस. आजी नाहीतरी गेल्याच नसत्या, घर कोण सोडतं – असंही कुणी म्हणेल. मला माहीत नाही. ते माहीत होण्याची एकच वाट होती, ती मी बंद ठेवली.

हे छापून आलं तर सायलीताई वाचेल. भिंतीपलीकडेच आहे ती.

गेल्या महिन्यात, बुधवारी दुपारी, मी जेवत होतो. ताई आली, पायातली चप्पल न काढता आत आली, असं ती कधी करत नाही. आजींच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ओल्या नावाच्या शेजारणीचा निरोप आला होता. आदल्या दिवशी सकाळी अकराला इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. तिसऱ्या मजल्यापासून वर काहीच राहिलं नाही. आजी घरात होत्या. ओल्याने लिहिलं होतं की आजींनी आठवड्यापूर्वी स्वतःहून बससाठी नाव दिलं होतं, बॅगसुद्धा भरली होती, सायलीला रविवारी सांगेन, खूश होईल म्हणाल्या होत्या, पण रविवारी त्यांच्याकडे वीज नव्हती.

आई उठून तिला धरायला गेली. ताई उभीच होती, मोबाइल हातात.

"बस उद्या आहे," ती म्हणाली.