फणसाची युक्ती आणि बर्फाची खिंड

शिमगा आटोपला, अंगावरचा रंग पुरता निघालाही नव्हता, आणि आम्ही तिघं निघालो. तिघं म्हणजे खांब गावचा दिलीप, जो भात आणि वाल पिकवतो. पेणची सुजाता, जिच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. आणि अष्टमी गावात हार्डवेअरचं दुकान चालवणारा मी. मैत्री रोह्याच्या कॉलेजातली. एका हिवाळ्यात सुजाता हिमाचलात जाऊन स्की शिकून आली आणि तिने आमच्यामागे अशी भुणभुण लावली की आम्हीही शिकलो. कुंडलिका नदीकाठच्या माणसांना बर्फाचं काय पडलंय, असं आमच्या घरचे अजून विचारतात.

आजवर आम्ही तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचो आणि घसरत खाली यायचो. या खेपेला डोंगर आपल्याच पायांनी चढायचा होता. वरची खिंड गाठायची आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून उतरायचं, हे सुजाताच्या मनात कित्येक वर्षं होतं. पाडव्यापासून तिचे वडील, आबा, कारखाना तिच्या हाती सोपवणार होते. मग ऐन वसंतात, मूर्तींच्या हंगामात, तिला सुट्टी कुठली मिळायला? पनवेलला गाडीत बसल्याबरोबर तिने सांगून टाकलं, "यंदा शेवटचं हाय माझं. ती खिंड तेवढी गाठू दे."

"गाठशील गो," दिलीप म्हणाला. "आमी हाव ना."

मनालीच्या पुढे, जिथे रस्ताच संपतो, तिथल्या एका गावात नोरबू नावाच्या वाटाड्याकडे आम्ही उतरलो. घर लाकडाचं, मधोमध बुखारी (लाकडं जाळायची पत्र्याची शेगडी). नोरबूच्या बायकोने सिड्डू (अक्रोडाचं सारण भरून उकडलेली जाड रोटी) वाढले, वर वाटीभर तूप. दिलीपने घरचे कडवे वाल आणले होते. त्याने त्यांचं बिरडं केलं, तर बाईंनी दोनदा मागून घेतलं आणि "ये कौनसी दाल है?" म्हणून विचारलं. दिलीप असा फुलला की मनालीत वालाची शेती करायच्या गप्पा मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी सराव होता. चढताना स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. पट्टीला एका बाजूला गोंद असतो, दुसऱ्या बाजूला आखूड लव. ती लव बर्फात रुतते, म्हणून माणूस मागे घसरत नाही. सकाळी सगळं झकास चाललं. दुपारी ऊन तापलं, बर्फ ओला झाला आणि लवेला त्याचे गोळे धरायला लागले. पाय उचलला की पायाखाली अख्खा डोंगर. सुजाता वैतागली. नोरबू म्हणाला, "कल सुबह मोम लगा देंगे," आणि विषय संपला.

माझा मात्र संपला नाही. दुकानात बसून बसून मला एक खोड लागली आहे. कुणाचं काही अडलं की माझे हात शिवशिवतात. संध्याकाळी बाकीचे शेजारच्या घरी चहाला गेले. मी पायदुखीचं निमित्त करून मागे राहिलो. पट्ट्या दोरीवर वाळत होत्या, गोंदावर गोंद दुमडलेल्या, लव बाहेर. मनात म्हटलं, फणस चिरताना आपण काय करतो? विळीला, हाताला तेल लावतो, म्हणजे चीक लागत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं हे. खोबरेलाची बाटली दगडासारखी गोठली होती, ती बुखारीजवळ धरून पातळ केली आणि सगळ्यांच्या पट्ट्यांना, नोरबूच्यासुद्धा, चांगलं चोपडलं. सकाळी सुजाताला कसं गार करतो बघ, अशा तोऱ्यात मी जेवायला बसलो.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. पहाटे पट्ट्या लावताना नोरबूने बोटं हुंगली होती खरी, पण तेव्हा अंधार होता, घाई होती. भूर्जाची झाडं मागे पडली, खिंड समोर दिसायला लागली. सुजाता पुढे होती आणि चक्क गुणगुणत होती. एवढ्यात दिलीपची पट्टी सुटून सापाच्या कातीसारखी मागे लोंबायला लागली. मग सुजाताची सुटली, मग माझी. नोरबूने गोंदावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "नारियल?" तो चकित होऊन म्हणाला.

तेल रात्रभर मुरत मुरत गोंदापर्यंत गेलं होतं. मी सांगितलं. दिलीप म्हणाला, "अरे, फणस कापायचा होता काय तुला इथं?" आणि हसला. पण सुजाताकडे पाहून त्याचं हसू तिथंच विरलं.

नोरबूने चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, दोरी बांधून पाहिली. दहा पावलांत सगळं सुटायचं. स्की पाठीवर बांधून चालायला गेलो तर मांडीपर्यंत रुतलो. त्याने वरच्या उताराकडे बोट केलं. ऊन चढलं की तो बर्फ खाली येतो, आता परत. दुसऱ्या पट्ट्या मनालीत, आणि उद्या सकाळी आमची परतीची बस.

सुजाता खिंडीकडे पाहत उभी राहिली. मी म्हटलं, "सुजाता, चुकलंच गो माझं." ती म्हणाली, "जाऊ दे," आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. उतरताना ती एकदाही मागे वळली नाही. लाजेने माझे कान थंडीतसुद्धा तापले होते.

परतीच्या प्रवासात ती नेहमीसारखी बोलली, डब्यातली चिक्की मला दिली. मी ती तशीच खिशात ठेवली. पेणला तिला सोडायला आम्ही कारखान्यावर गेलो. सगळीकडे पांढऱ्या, बिनरंगी मूर्ती ओळीने मांडलेल्या. आबा हात पुसत बाहेर आले.

"पोचलीस काय गो वर?"

मी तोंड उघडलं होतं. पण तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "नाय आबा. हवा वाईट होती."

"हवेफुडं कोनाचं काय चालतंय," आबा म्हणाले आणि सगळ्यांत आधी चहाचा कप माझ्या हातात दिला. "तुमी कशाला तोंड पाडून बसलाव? तुमी होताव म्हनून पोर सुखरूप आली."

दिलीप जमिनीकडे बघत होता. सुजाताने ओढणी खोचली आणि आत जाऊन एका मूर्तीच्या हाताला पॉलिशपेपर मारायला लागली. त्या दिवशी डोंगरावर ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी चहा पिऊन टाकला आणि आबांना सांगितलं, फार छान झालाय.